डीबीतली एमसीबी कुणाला वाचवते?

टाइल्स आणि नळ निवडायला लोक दुकानं पालथी घालतात. डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइन जिथून फुटतात तो डबा, मात्र वायरमन आणेल ती. मालकाची चौकशी फार तर दरवाजा धुरकट काचेचा मिळेल का, इथपर्यंत. खरं तर त्या पत्र्याच्या डब्याला फारसं महत्त्व नाही. आत काय बसतं आणि तिथून भिंतीत किती जाडीची वायर गेली आहे, यावर सगळं ठरतं.

अनेकांना वाटतं की एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडून लाइन तोडणारा डीबीतला खटका, टीव्ही-फ्रिज सांभाळते. तिचं काम भिंतीतली वायर सांभाळणं आहे. वायरमधून करंट गेला की ती तापते आणि ही उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. नेहमीच्या पीव्हीसी वायरचं आवरण साधारण 70 अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल असं धरलेलं असतं. त्यापुढे ते हळूहळू कडक होतं, तडकतं, आणि हे सगळं पाइपच्या आत, कुणाला न दिसता चालतं. म्हणून दिव्या-पंख्याच्या दीडच्या वायरला 6 किंवा 10 अँपिअरची एमसीबी, प्लगच्या अडीचच्या वायरला 16 ची आणि एसी-गिझरच्या चारच्या वायरला 20 किंवा 25 ची, असा साधारण हिशोब असतो. दीड, अडीच, चार म्हणजे वायरच्या तांब्याचा छेद, चौरस मिलिमीटरमध्ये.

आता नेहमीचा प्रकार बघा. किचनची 16 ची एमसीबी सारखी पडते. कुणीतरी ती काढून 32 ची बसवतो. पडायची थांबते, मालक खूश. वायर मात्र तीच अडीचची राहिली! जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये तांब्याच्या तारेचे दोन-चार पदर पिळून घालायचे, त्यातलाच हा प्रकार. फक्त दिसायला नीटनेटका.

एमसीबीवर 16 लिहिलंय म्हणून सतराव्या अँपिअरला ती पडत नाही. मानकानुसार रेटिंगच्या 1.13 पट करंट तासभर वाहिला तरी तिने पडता कामा नये आणि 1.45 पट करंटला तासाच्या आत पडलंच पाहिजे. म्हणजे 16 च्या एमसीबीसाठी 18 ते 23 अँपिअर हा मधला पट्टा झाला. तिथे ती पडेल किंवा पडणारही नाही. एकाच लाइनवर 2000 वॉटची इंडक्शन शेगडी, 1200 वॉटचा मायक्रोवेव्ह आणि 1500 वॉटची किटली एकदम लावा. 4700 भागिले 230, म्हणजे सुमारे 20 अँपिअर. बरोबर त्या पट्ट्यात. कधी पडते, कधी नाही, आणि मग ‘एमसीबीच खराब आहे’ असा निकाल लागतो. इथे उपाय मोठी एमसीबी हा नाही. किचनला दोन स्वतंत्र लाइन टाकाव्या लागतात, आणि त्याचा विचार डीबी घेतानाच करायचा असतो. आज आठ वे, म्हणजे एमसीबी बसवायच्या आठ जागा, लागत असतील तर बारा वेची डीबी घ्या. उद्या दुसरा एसी येतो, इलेक्ट्रिक स्कूटरचा चार्जर येतो, आणि डब्यात जागा नसली की एकाच एमसीबीखाली दोन लाइन कोंबल्या जातात.

आणखी एक भानगड उन्हाळ्याची. ही एमसीबी 30 अंश तापमान धरून जुळवलेली असते. तिच्या आत दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते. तापली की एक धातू जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि खटका सुटतो. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात बाहेर 45 अंश, त्यात पश्चिमेच्या भिंतीतला बंद डबा आणि एकमेकींना खेटून बसलेल्या एमसीबी. पट्टी आधीच अर्धी वाकलेली असते, मग एमसीबी रेटिंगच्या आतच पडते. तासन्‌तास चालणाऱ्या एसीच्या एमसीबीशेजारी एक वे रिकामा सोडणारा वायरमन भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

शॉर्टसर्किट झालं तर पट्टी तापायची वाट बघता येत नाही. तेव्हा आतली चुंबकीय कॉइल काम करते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास संपर्क तुटतो. ही कॉइल किती करंटला उडेल हे बी, सी, डी या अक्षरांवरून कळतं: बी म्हणजे रेटिंगच्या 3 ते 5 पट, सी 5 ते 10 पट, डी 10 ते 20 पट. घरात सी सर्रास चालते. अक्षराचा प्रश्न खरा येतो तो मोटर असेल तिथे. पिठाच्या गिरणीची 10 एचपीची थ्री फेज मोटर चालताना सुमारे 14 अँपिअर घेते, पण थेट चालू केली तर पहिल्या क्षणी सहापट, म्हणजे 84 च्या घरात. 16 ची सी एमसीबी 80 ते 160 च्या मध्ये कुठेही उडू शकते. म्हणून एकतर डी घ्यावी लागते, नाहीतर स्टार-डेल्टा स्टार्टर लावून सुरुवातीचा करंट एक तृतीयांशावर आणावा लागतो. आणि एक फेज गेला की मोटर गुरगुरत तापते, त्यासाठी जास्त करंट ओळखून मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले आणि फेज गेला की ती बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर हवाच. एमसीबीच्या भरवशावर मोटर सोडू नये.

थ्री फेज घेतलेल्या दुकानदारांना एक सांगणं: न्यूट्रलचा स्क्रू स्वतः उभं राहून घट्ट करून घ्या. न्यूट्रल सुटला की वेगवेगळ्या फेजवरची उपकरणं 400 व्होल्टच्या मध्ये सिरीजमध्ये लागतात आणि ज्या फेजवर लोड कमी, त्यावर 230 च्या जागी 300 च्या वर व्होल्टेज जातं. टीव्ही, बिलिंगचा कॉम्प्युटर, एलईडी एका झटक्यात जातात. एमसीबीला यातलं काहीच दिसत नाही, कारण वायरमधून जास्त करंट गेलेलाच नसतो.

माणसाचा जीव वाचवणारं यंत्र वेगळं, ते म्हणजे आरसीसीबी. शॉक लागून हृदयाची लय बिघडायला 30 मिलीअँपिअरच्या आसपासचा करंटही पुरेसा ठरू शकतो, आणि एमसीबी तर अँपिअरच्या भाषेत बोलते. आरसीसीबी किराणा दुकानदारासारखी चोख असते: फेजवरून गेलं तेवढं न्यूट्रलवरून परत आलं का, एवढंच ती बघते. 30 मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट गिझरच्या गळतीतून किंवा कुणाच्या अंगातून जमिनीत गेला, की ती लाइन तोडते. घरासाठी 30 मिलीअँपिअरचीच घ्या. 100 आणि 300 मिलीअँपिअरच्या आरसीसीबी आगीचा धोका कमी करण्यासाठी असतात. इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन असेल तर ‘ए’ टाइप मागा, कारण अशा उपकरणांच्या गळतीत डीसीचा अंश असतो आणि साधी ‘एसी’ टाइप तिथे फसू शकते. ओव्हरलोड मात्र तिला कळत नाही, म्हणून एमसीबी सोबत लागतेच.

जुन्या वायरिंगमध्ये आरसीसीबी बसवली की ती बऱ्याचदा पडतच राहते. कारण बहुतेक वेळा न्यूट्रलचं असतं: एका खोलीचा दिवा शेजारच्या लाइनच्या न्यूट्रलवर जोडलेला, किंवा इन्व्हर्टरची आणि मेनची न्यूट्रल एकत्र केलेली. गेलेलं परत भलत्याच वाटेने येतं, हिशोब जुळत नाही. शोधायला अर्धा दिवस लागतो, तर बायपास पाच मिनिटांत होतो. म्हणून कित्येक घरांत आरसीसीबी दिसते, पण जोडलेली नसते. तिच्यावरचं टी अक्षराचं बटण दाबून बघा. पडली नाही तर ती खराब तरी आहे किंवा बायपास तरी.

खरेदी करताना आयएसआय खूण बघा, आणि चौकटीत छापलेला 10000 हा आकडाही. शॉर्टसर्किटचा तेवढ्या अँपिअरपर्यंतचा करंट ती सुखरूप तोडू शकते, असा त्याचा अर्थ. ट्रान्सफॉर्मर सोसायटीच्या आवारातच असेल तर तो महत्त्वाचा ठरतो. एमसीबींना वरून तांब्याची बसबार पट्टी हवी. वायरचे तुकडे एकातून दुसरीत ओवलेले असतील तर तितके स्क्रू सैल व्हायला जागा. डीबीतली काळवंडलेली टोकं बहुधा अशा सैल स्क्रूंचीच असतात.

छतावर सोलर बसवणाऱ्यांनी मात्र घरातली एमसीबी तिकडे लावू देऊ नये. संपर्क तुटताना मध्ये ठिणगीची ज्वाळा पेटते. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ती विझायला मदत होते. सोलर पॅनलमधून डीसी येतो, अनेकदा काहीशे व्होल्टचा, आणि तो शून्यावर येतच नाही. ज्वाळा जळतच राहते आणि एमसीबी वितळते. डीसीसाठी वेगळी एमसीबी मिळते, त्यातल्या काहींवर प्लस-मायनसची दिशाही असते आणि ती उलटी जोडून चालत नाही. कोटेशनमध्ये नुसतं ‘एमसीबी, 1 नग’ लिहिलं असेल तर ती डीसीची आहे का आणि किती व्होल्टची, हे लेखी मागून घ्या.