रंग लावण्याआधी आम्हाला बोलवा
जुन्या नाट्यगृहांच्या, टॉकीजच्या आणि सभागृहांच्या मालक-विश्वस्तांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

आम्ही जुन्या हॉलांची पाहणी आणि दुरुस्ती करतो. गणपती झाले की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपचा फोन वाजायला लागतो. पुढे राज्य नाट्यस्पर्धा असते, मग डिसेंबरात शाळांची स्नेहसंमेलनं, त्यामुळे हॉल नीट करून घ्यायची सगळ्यांनाच घाई असते. फोनवर बहुतेक वेळा हेच ऐकू येतं: "रंगाचं काम आत्ताच उरकलंय, आता एकदा येऊन बघून जावा."

हे पत्रक त्या वाक्यासाठी छापलं आहे. हॉल स्वच्छ करून पाहुण्याला दाखवावा, या भावनेनं तुम्ही रंग लावून घेता हे आम्हाला कळतं. पण आम्ही पाहुणे म्हणून येत नाही. आम्हाला भिंत जशी आहे तशीच बघायची असते. रंग, पुट्टी आणि पीओपी झाल्यावर आम्ही आलो, तर जे बघायला आलो तेच झाकलेलं असतं. मग एक तर नवा रंग खरवडावा लागतो, नाही तर पुढचा पावसाळा येईपर्यंत थांबावं लागतं. दोन्हींत पैसे तुमचेच जातात.

भिंतीवर काय वाचायचं असतं, ते थोडं सांगतो. चीर दिसली की रंगारी ती भरून टाकतो, कारण त्याचं कामच ते आहे. आम्ही मात्र आधी त्या चिरेच्या आत बघतो. आत धूळ, कोळिष्टक, जुन्या रंगाचे थर असतील तर चीर जुनी आहे, बहुधा निवलेली आहे. कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर ती अलीकडची आहे. वर रुंद आणि खाली निमुळती असेल तर एक अर्थ, उलट असेल तर दुसरा. ओलीचंही तसंच. तपकिरी कडेचा डाग वरून आलेलं पाणी सांगतो, म्हणजे कौल, पन्हळ किंवा छपराचा सांधा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत लोणा लागून पांढरी भुकटी पडत असेल तर पाणी खालून चढतं आहे. वाळवीची मातीची नळी दिसली तर ती कुठून निघाली आणि कुठल्या तुळईकडे गेली, हे त्या नळीवरूनच कळतं. रंगारी ती एका फटक्यात झाडून टाकतो. वाळवी आतच राहते. स्विचबोर्डाच्या कडेला काळपट झाक असेल तर आत सांधा तापतो आहे, आणि पांढऱ्या ऑइलपेंटचा एक हात मारला की ती खूणही जाते.

शेजारच्या तालुक्यातल्या एका सभागृहात आम्हाला असंच रंगकाम झाल्यावर बोलावलं होतं. रंगमंचाच्या कमानीच्या डाव्या खांद्यावर पुट्टीचा किंचित फुगवटा दिसला म्हणून विचारलं, तर पूर्वी तिथं "केसाएवढी" चीर होती असं उत्तर मिळालं. खरवडल्यावर ती कमानीपासून खिडकीच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत गेलेली निघाली. ती हलते आहे की थांबली आहे, हे मात्र सांगता येईना, कारण आतली धूळ आणि जुने थर सगळे पुट्टीखाली गेले होते. शेवटी काचेच्या पट्ट्या लावून वाट बघावी लागली. पावसाळा सुरू होऊन सहा आठवडे झाले आणि एक पट्टी तडकली. कारण साधं निघालं. छपराच्या पाण्याचा नळ जमिनीलगत फुटला होता, सगळं पाणी पायालगतच्या काळ्या मातीत मुरत होतं. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, वरची भिंत तिच्यासोबत हलते. नळाची दुरुस्ती दोन दिवसांची होती. ते कळायला जवळजवळ वर्ष गेलं, आणि त्या वर्षात बाल्कनी बंद ठेवावी लागली.

काचेच्या पट्टीबद्दल नेहमी विचारणा होते. चिरेवर आडवी, दोन्ही टोकं भिंतीला पक्की चिकटवलेली पातळ काच आम्ही लावतो आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहितो. भिंत हलली तर काच तडकते. हिला कुणी हात लावू नका, पुसू नका, आणि "विद्रूप दिसतं" म्हणून काढू तर अजिबात नका. एका ठिकाणी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चारही पट्ट्या काढल्या होत्या आणि आमची पाच महिन्यांची नोंद फुकट गेली.

चुन्याच्या भिंतीला सिमेंट का लावत नाही

दुसरा नेहमीचा प्रश्न हा. आमचं दरपत्रक बघून ग्राहक म्हणतात, गवंडी सिमेंटनं निम्म्या पैशात प्लास्टर करतो, तुम्ही चुनाच का मागता? आम्ही जास्त पैशांसाठी चुन्याचा आग्रह धरतो असं कुणाला वाटू नये, म्हणून कारण सांगतो. जुनी दगडी किंवा विटांची भिंत चुन्यात बांधलेली असते. ती ओल घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा कडक थर किंवा प्लास्टिक पेंट चढवला की बाहेर सुटणारी ओल आतच अडते. वरून भिंत दोन-तीन वर्षं छान दिसते, आत चुना भुसभुशीत होत जातो. मग एक दिवस सिमेंटचा पापुद्रा विटेचा पुढचा भाग घेऊनच खाली येतो.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर तर हे फारच बघितलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळीवर आणि ४३ फुटांना धोका पातळीवर येते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण पूर ओसरल्यावर भिंत किती दिवसांनी वाळते, ते कुणी विचारत नाही. ढोबळ हिशेब असा की भिंतीच्या एका इंचाला एक महिना लागतो. दीड फुटाच्या भिंतीला वर्ष-दीड वर्ष लागलं तर नवल नाही. पुरानंतरच्या पहिल्याच दिवाळीला ज्यांनी ती भिंत रंगवली, त्यांनी पाणी आत कोंडून ठेवलं. रंगवायचीच असेल तर चुन्याची सफेदी द्या, ती श्वास घेऊ देते.

छप्पर आम्ही पावसात बघतो

"उन्हाळ्यात हॉल रिकामा असतो, तेव्हा का येत नाही?" येतो, दोनदा येतो. कैच्या (छप्पर पेलणारे लाकडी तिकोनी सांगाडे), वासे, रिपा आणि कौलं उन्हाळ्यात बघतो आणि गळती आषाढ-श्रावणात. सागवानी कैची मधोमध सहसा बिघडत नाही. ती बिघडते टोकाला, जिथं ती भिंतीत घुसलेली असते. वर पन्हळ तुंबलेली असते, पाणी भिंतीत उतरतं आणि बंदिस्त जागेत लाकडाचं टोक कुजत राहतं. खालून बघणाऱ्याला लाकूड ठणठणीत दिसतं. हातोडीनं ठोकल्यावर आवाज भद्द आला आणि दाभण सहज आत गेलं, की आम्ही त्या कैचीखाली टेकू लावल्याशिवाय पुढे जात नाही. त्यासाठी आदल्या वर्षी केलेला पीओपीचा छताचा तुकडा कापायला लागला, तर कृपया आमच्या माणसांवर रागावू नका. नवं फॉल्स सीलिंग करणारच असाल तर माणूस आत जाईल एवढी झडप ठेवायला सांगा. सुताराला त्याचा अर्धा दिवस लागतो. पन्हळी मात्र तुमच्याच माणसाकडून मे महिन्याच्या अखेरीला साफ करून घेतल्या तरी चालेल, त्यासाठी आमची गरज नाही.

आगीबद्दल

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं ते घर, आणि दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती. त्या रात्री आम्हीही गर्दीत उभे होतो. ते आठवलं की अजून घशाशी येतं. त्यानंतरच्या महिन्यात आम्हाला जेवढे फोन आले तेवढे एरवी वर्षात येत नाहीत, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: आमचा हॉल सुरक्षित आहे का? फोनवर याचं उत्तर देता येत नाही. कुठे बघायचं ते मात्र सांगता येतं.

जुन्या नाट्यगृहात जळायला भरपूर काही असतं. लाकडी रंगमंच, वर लाकडी छप्पर, मधे पडदे-झालरी, मागे नेपथ्याच्या फ्लॅटांचा (रंगवलेल्या चौकटींचा) आणि जुन्या खुर्च्यांचा ढीग. त्यात वायरिंग चार बल्बांच्या काळातलं. नाटकवाले १००० वॅटचे वीस हॅलोजन लावतात, म्हणजे २० किलोवॅट. एकाच फेजवर हा भार टाकला तर सुमारे ८७ अँपिअर होतात. प्रवाह दुप्पट झाला की वायरची उष्णता चौपट होते, हे लक्षात ठेवा. लाकडी केसिंगमधली रबरी आवरणाची जुनी वायर हातात घेतली तर आवरणाचा चुरा होतो. त्यात कुणी तरी फ्यूज वारंवार उडतो म्हणून किटकॅटमध्ये (फ्यूजच्या चिनीमातीच्या खोक्यात) जाड तार घातलेली असते. नाटकाच्या दिव्यांसाठी वेगळी लाइन, वेगळा एमसीबी बोर्ड (भार वाढला की आपोआप बंद होणाऱ्या स्विचांचा), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग, एवढं झाल्याशिवाय आम्ही आमच्या वार्षिक करारात विजेची जबाबदारी घेत नाही. तपासणीच्या दिवशी सगळे दिवे तासभर चालू ठेवून आम्ही सांध्यांचं तापमान कॅमेऱ्यानं मोजतो. त्या दिवसाचं विजेचं बिल जास्त येईल, त्याची आधीच कल्पना देतो.

पडद्यांचंही रंगासारखंच होतं. स्पर्धेआधी पडदे धुवायला टाकले जातात आणि ते परत आल्यावर आम्हाला सांगितलं जातं, "गेल्या साली तुम्ही औषध मारलेलं आहे ना." सुती पडद्याला आम्ही टाकणखार आणि बोरिक ॲसिडचं द्रावण देतो: १०० लिटर पाण्यात ७ किलो टाकणखार, ३ किलो बोरिक ॲसिड. लपवण्यासारखं यात काही नाही, प्रमाण जुनं आणि सर्वांना ठाऊक असलेलं आहे. पण ते पाण्यात विरघळतं, म्हणून धुतलं की गेलं. आधी धुवा, मग आम्हाला बोलवा. पॉलिस्टरच्या मखमलीला हे द्रावण लागत नाही, तो पडदा घेतानाच अग्निरोधक कापडाचा घ्यावा. शंका असेल तर खालच्या मुडपातली बोटभर पट्टी कापून, बाहेर मोकळ्या अंगणात, चिमट्यात धरून दहा-बारा सेकंद ज्योतीवर धरून बघा. ज्योत काढल्यावर कापड जळतच राहिलं तर ते रंगमंचावर नको.

दारांच्या बाबतीत आम्ही कुणाचंच ऐकून घेत नाही. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार सिनेमात ५९ माणसं गेली. आग खाली ट्रान्सफॉर्मरला लागली होती, माणसं वर बाल्कनीत धुरानं गुदमरली, कारण जादा खुर्च्या बसवून बाहेर पडायची वाट अडवलेली होती. आपल्याकडे खुर्च्या नसतील तर कुलपं असतात. फुकटे शिरतात म्हणून बाजूची दारं प्रयोग चालू असताना बंद. फुकट्यांसाठी दाराशी माणूस उभा करा, कुलूप नको. आतून ढकलताच उघडणारी आडवी दांडी बसवून मिळते, आम्हीही बसवतो, आणि बाहेरून ते दार कुणाला उघडता येत नाही.

टॉकीजवाल्यांसाठी एक गोष्ट. जुन्या प्रोजेक्टर केबिनच्या जाड भिंती आणि खिडक्यांच्या लोखंडी झडपा भंगारात घालू नका. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत फिल्म नायट्रेटची असे. ती पेटली की पाण्यातसुद्धा विझत नसे, म्हणून केबिनच अशी बांधत की आग आतच राहावी. आज तीच खोली डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारी यंत्रं) आणि बोर्डांसाठी इमारतीतली सर्वांत योग्य जागा आहे.

कागदपत्रं आणि फी

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे आगीची यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. महापालिका हद्दीत ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं स्थैर्य प्रमाणपत्र नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअर देतो. आम्ही ते देत नाही आणि "तुमच्याच लेटरहेडवर द्या की" म्हटलं तरी देणार नाही. आमच्या नोंदी, फोटो आणि पट्ट्यांच्या तारखा इंजिनिअरसमोर ठेवतो, त्यानं त्याचं काम लवकर होतं.

पाहणीची फी आम्ही घेतो. ती का, असं बरेच जण विचारतात, कारण रंगाचा कंत्राटदार पाहणी फुकट करतो. त्याला काम मिळालं तरच पैसे मिळतात, म्हणून त्याला काम दिसतंच. आमच्या पाहणीत "यंदा काही करू नका, फक्त पन्हळ साफ करा" असंही लिहून मिळतं, आणि मागच्या वर्षी बऱ्याच जणांना तसं मिळालं. काम आमच्याकडे दिलंत तर फी बिलातून वजा होते. वार्षिक करार असेल तर उन्हाळी आणि पावसाळी दोन्ही भेटी त्यात धरलेल्या असतात.

रंगाऱ्याला आगाऊ दिली असेल तर त्याला आठ-दहा दिवस थांबायला सांगा, आम्ही तेवढ्यात येऊन जातो. येण्याआधी जुनी दुरुस्तीची बिलं, वायरिंगचा कुठला नकाशा असेल तर तो, आणि इमारत सांभाळणारा सर्वांत जुना माणूस, एवढं हजर ठेवा. त्या माणसाला नळ कुठून जातो आणि कुठली खिडकी कधी बुजवली हे तोंडपाठ असतं. शिडी आम्ही आणतो. किल्ल्यांचा जुडगा आदल्या दिवशी शोधून ठेवा, आणि बाजूच्या दारांची किल्ली सापडतच नसेल तर फोनवरच सांगा, म्हणजे कुलूपवाला सोबत घेऊनच येऊ.