बेटाला व्हिसा नको, वाटेला हवा : प्रशांत महासागरातील शांत बेटांच्या प्रवासाची कागदपत्रे

फिजी, सामोआ आणि कुक बेटे या तिन्ही ठिकाणी भारतीय पासपोर्ट असलेल्या पर्यटकाला आधी व्हिसा काढावा लागत नाही, ही माहिती खरी आहे. तिथे उतरल्यावर अभ्यागत म्हणून राहण्याचा परवाना मिळतो. फिजीत तो चार महिन्यांपर्यंतचा असतो, कुक बेटांवर ३१ दिवसांचा. तरीही इंदूरहून या बेटांकडे निघालेली माणसे मुंबईच्या विमानतळावरूनच परत येतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा बेट नसते, वाट असते.

रविवारी सकाळी मी ओळखीच्या मंडळींचे अर्ज तपासून देतो, त्यामुळे अशा फायली माझ्यासमोर नेहमी येतात. मागच्या हिवाळ्यात एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी फिजीतल्या तावेउनी या कमी गर्दीच्या बेटावर जायला निघाले होते. तिकीट मुंबई, सिडनी, नांदी (फिजीचे मुख्य विमानतळ) असे होते आणि सिडनीत फक्त चार तासांचा थांबा होता. काउंटरवरच्या मुलीने काकांच्या पासपोर्टचे एकेक पान उलटले आणि ऑस्ट्रेलियाचा व्हिसा कुठे आहे, असे विचारले. काकूंनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक छापील कागद काढून तिच्यापुढे धरला. त्यावर ‘फिजी : व्हिसा नको’ ही ओळ पिवळ्या पेनाने रंगवलेली होती. विमान त्यांना न घेताच गेले.

भारतीय नागरिकाला सिडनीत विमानतळाबाहेर पाऊलही टाकायचे नसले, तरी ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे वाटेत विमान बदलण्यापुरता व्हिसा, लागतो. त्याचा क्रमांक ७७१, तो ७२ तासांपर्यंतच्या थांब्यासाठी असतो आणि त्याला शुल्क पडत नाही. जो व्हिसा फुकट मिळतो तो माहीत नसल्यामुळे दोन माणसांचे तिकिटांचे पैसे बुडावेत, याचे मला आजही वाईट वाटते; तिकीट विकताना ही एक ओळ सांगण्याची जबाबदारी कोणावरच का नसावी, हेही मला समजलेले नाही. अर्ज ऑनलाइन होतो, पण त्यात पुढच्या प्रवासाचे पक्के तिकीट दाखवावे लागते. न्यूझीलंडमार्गे जायचे असेल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा वेगळा आणि सशुल्क आहे. तो फक्त ऑकलंड विमानतळावर चालतो आणि तेथील आंतरराष्ट्रीय भागातच २४ तासांपर्यंत थांबू देतो. होनोलुलुमार्गे जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले तरी इमिग्रेशन ओलांडावेच लागते आणि त्यासाठी अमेरिकेचा व्हिसा हवा. रारोटोंगा, म्हणजे कुक बेटांचे मुख्य बेट, इथे येणारी बहुतेक विमाने अशाच देशांतून येतात. म्हणून ‘व्हिसा नको’ हे शब्द त्या बेटाच्या बाबतीत सर्वांत जास्त फसवतात. ताहितीचेही तसेच. तो प्रदेश फ्रान्सचा असला तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, मोडत नाही, त्यामुळे युरोपच्या सहलीसाठी काढलेल्या शेंगेन व्हिसावर तिथे सहसा प्रवेश मिळत नाही, वेगळी परवानगी घ्यावी लागते.

या सगळ्यात फिजीसाठी सिंगापूरची वाट त्यातल्या त्यात सोपी आहे. सिंगापूरहून नांदीला थेट विमान आहे, आणि मुंबई ते नांदी हा सगळा प्रवास एकाच तिकिटावर असून सामान थेट नांदीपर्यंत जात असेल, तर विमानतळाच्या आत थांबण्यासाठी सिंगापूरचा व्हिसा लागत नाही. मात्र दोन-पाच हजार रुपये वाचवण्यासाठी मुंबई–सिंगापूर आणि सिंगापूर–नांदी अशी दोन सुटी तिकिटे घेतली, की बॅग सिंगापुरातच पट्ट्यावर येते. ती उचलायची तर इमिग्रेशन ओलांडायला हवे आणि त्यासाठी सिंगापूरचा व्हिसा लागतो. मुलांनी परदेशातून आईवडिलांची तिकिटे काढून दिली की ही चूक हमखास होते, कारण त्यांच्या स्वतःच्या पासपोर्टला कदाचित हा व्हिसा लागत नसतो. तिकीट घेण्यापूर्वीच ते एक आहे की दोन, आणि बॅग शेवटपर्यंत जाणार का, हे विचारून घ्यावे.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी. पुष्कळजण निघण्याच्या तारखेपासून सहा महिने मोजतात आणि तिथेच चुकतात. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नवा पासपोर्ट मागता येतो. इंदूरचे सेवा केंद्र भोपाळच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येते, तिथल्या बाकी पायऱ्या सरळ आहेत. फक्त नवा पासपोर्ट आधी घ्यावा आणि व्हिसा नंतर मागावा. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, तो पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेला असतो, आणि क्रमांक बदलल्याचे त्यांना कळवले नाही तर काउंटरवरच्या संगणकात तो व्हिसा दिसत नाही.

नावाचा प्रश्न आपल्या मराठी घरांत विशेष अवघड होतो. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव बदलते हे सर्वांना ठाऊक आहे, पण आपल्याकडे पुष्कळ घरांत मुलीचे पहिले नावही बदलण्याची रीत होती. पासपोर्टवर माहेरची कुमुद, आधारवर सासरची वसुधा आणि बँकेच्या खात्यावर दोन्ही नावे, असे कागद घेऊन आलेल्या काकू मी पाहिल्या आहेत. पासपोर्टवरचे पहिले नाव बदलायला गेल्यास प्रकरण शपथपत्र आणि वर्तमानपत्रांतील जाहिरात इथपर्यंत जाते, आणि प्रवास दोन महिन्यांवर असताना त्या वाटेला जाऊ नये. तिकीट, हॉटेल आणि व्हिसाचा अर्ज हे सारे पासपोर्टवर जसे छापले आहे तसेच, अक्षर न अक्षर, भरावे. अर्जात पूर्वीचे किंवा दुसरे नाव विचारणारा रकाना असतो. तो रिकामा सोडू नये, कारण दुसरे नाव आपण होऊन सांगितले तर अडचण येत नाही, पण ते बँकेच्या कागदावरून अधिकाऱ्याच्या नजरेस आले की शंका येते.

दोन नावे एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाहाचे प्रमाणपत्र लागते, आणि नेमका हाच कागद जुन्या जोडप्यांकडे नसतो, कारण त्या काळी नोंदणी कोणी करत नसे. नगर निगमात ती आजही करता येते. मिळणारे प्रमाणपत्र हिंदीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या नियमानुसार भारतात केलेल्या भाषांतरावर भाषांतरकाराचे पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी आणि त्या भाषेतील पात्रता व अनुभव लिहिलेला असायला हवा. कोर्टाजवळच्या टंकलेखकाकडून आणलेल्या भाषांतरावर शिक्का आणि सही असते, बाकी काही नसते. त्या चार गोष्टी तिथेच बसून लिहून घ्याव्यात.

दुकानदारांना एक निराळी अडचण येते. अर्जात नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र मागितलेले असते, आणि सराफ्यात स्वतःचे दुकान असलेल्या माणसाला रजा देणार कोण? त्याने जीएसटी नोंदणीचे प्रमाणपत्र आणि आयकर विवरणपत्रे जोडून, दुकान त्या काळात कोण सांभाळणार हे एका साध्या पत्रात लिहावे. निवृत्तांनी पेन्शनचा आदेश लावावा. अर्जाच्या आठवड्यात मुलाने खात्यात टाकलेली मोठी रक्कम लपवण्यासारखी नसते, पण ती कुठून आली हे सांगणारी ओळ आणि मुलाच्या खात्याचा उतारा सोबत नसेल तर तीच रक्कम नकाराचे कारण बनू शकते.

तारखांबद्दल शेवटी सांगतो, कारण इथे हुशार माणसेही चुकतात. न्यूझीलंड आणि कुक बेटे यांच्यामध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे, म्हणजे जी ओलांडली की तारीख एका दिवसाने बदलते ती रेषा. जुलैमध्ये ऑकलंडहून १० तारखेला सकाळी नऊला निघालेले विमान साधारण चार तासांनी रारोटोंगाला उतरते, तेव्हा तिथे ९ तारखेची दुपार असते. म्हणजे हॉटेल ९ पासून हवे, १० पासून नव्हे. परतताना उलटे होते: रारोटोंगाहून १७ ला दुपारी निघालात तर ऑकलंडला १८ उजाडलेली असते, आणि न्यूझीलंडच्या ट्रान्झिट व्हिसाच्या अर्जात थांब्याची तारीख १८ लिहायची असते. सामोआ मात्र २०११ च्या डिसेंबरअखेरीपासून रेषेच्या पश्चिमेस आहे, आणि शेजारचे अमेरिकन सामोआ पूर्वेसच राहिले. ते दोन वेगळे प्रदेश आहेत, त्यांचे प्रवेशाचे नियमही वेगळे आहेत. तिकिटावर छापलेली तारीख नेहमी त्या त्या विमानतळाची स्थानिक तारीख असते, म्हणून अर्ज भरताना तिकीट समोर ठेवावे आणि त्यावरूनच तारीख उतरवावी, बोटांवर दिवस मोजून लिहू नये.