ऑर्गन (मराठी संगीत नाटकातील)

ऑर्गन, म्हणजेच पायपेटी, हे पायांनी भाता चालवून दोन्ही हातांनी वाजवायचे स्वरवाद्य. पुण्याच्या रंगभूमीवर ‘ऑर्गन’ म्हटले की हेच वाद्य डोळ्यांपुढे येते. चर्चमधला पाइप ऑर्गन वेगळा : त्यात हवा नळ्यांत फुंकून स्वर काढतात. नाटकाच्या ऑर्गनला नळ्या नसतात. आत पितळी पत्त्या थरथरतात.

हातपेटीतही पत्त्याच असतात, पण तिचा भाता हवा बाहेर ढकलतो. अमेरिकन धाटणीच्या ऑर्गनमध्ये याच्या उलट घडते. पायटे दाबले की भात्यातली हवा उपसली जाते आणि पट्टी दाबताच बाहेरची हवा पत्तीतून आत ओढली जाते. म्हणून त्याचा स्वर गोल, मऊ येतो. पेटीसारखा टोचत नाही. पट्ट्यांच्या वर खुंट्यांची रांग असते. त्यातली ‘व्हॉक्स ह्यूमाना’ ओढली की आतला छोटा पंखा फिरू लागतो आणि स्वराला कंप सुटतो. आवाज लहानमोठा करायचा तो गुडघ्याने दांडी रेटून. हात पट्ट्यांवरून उचलावे लागत नाहीत.

एस्टी, मेसन अँड हॅम्लिन या अमेरिकन कंपन्यांनी असे ऑर्गन घरांसाठी आणि लहान प्रार्थनामंदिरांसाठी बनवले. मराठी संगीत रंगभूमीचा प्रारंभ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात, बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाला. ऑर्गनचा खरा काळ त्यानंतरचा. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्याला हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला अशी साथ असे. पुढे गोविंदराव पटवर्धनांनी पेटी आणि ऑर्गन या दोन्हींवर नाट्यपदांची साथ केली.

ऑर्गनच्या पट्ट्यांतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, निघत नाही, हा आक्षेप खराच आहे. पण नट पद म्हणता म्हणता दम घेतो, वळतो, दोन पावले चालतो, तेव्हा ती फट भरून काढणारा अखंड स्वर ऑर्गनच देतो. नाट्यपदाचा भरदार घाट मोठ्या अंशी त्याचा आहे. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड नेण्याआणण्यास सोपा, पण पायाच्या दाबाबरोबर फुलणारा श्वास त्यात नाही.

स्वर लावायचे काम नाजूक असते. आकड्याने पत्ती बाहेर ओढतात, ब्रशने धूळ झटकतात. टोकाशी किंचित खरवडले की स्वर चढतो, मुळाशी खरवडले की उतरतो.