हायपो म्हणतात, मग रिपोर्टवर 'हाय' कसं?

मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून आसपासच्या जिल्ह्यांतलेच काय, कर्नाटकातलेही पेशंट इथं येतात. त्यामुळं लॅबच्या काउंटरवर बसणाऱ्या माझ्यासारख्याला दोन शब्दांचा घोळ रोज निस्तरावा लागतो: हायपर आणि हायपो.

परवा तासगावकडचे एक काका बायकोचा रिपोर्ट घेऊन परत आले. टीएसएच १८.४, शेजारी ठळक अक्षरात 'हाय'. "ताई, हितं हाय लिवलंय आन् डॉक्टर म्हणत्यात हायपो. चुकलं कोण, तुमी का ते?"

चुकलं कुणीच नव्हतं. टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नव्हेच. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून निघतं आणि गळ्यातल्या थायरॉइडला कामाला लावतं. मी काकांना उसाचा फड डोळ्यांपुढं आणायला सांगितला. टोळी ढिली पडली की मुकादमाचा आवाज चढतो, कोयते झपाझप चालायला लागले की तो गप्प बसतो. टीएसएच म्हणजे मुकादमाचा आवाज. तो चढलाय, म्हणजे थायरॉइडचं काम थंडावलंय. डॉक्टरांचं 'हायपो' टोळीबद्दल होतं, रिपोर्टावरचं 'हाय' मुकादमाबद्दल. हायपरथायरॉइडमध्ये बहुतेक वेळा उलटं दिसतं, टीएसएच तळाला गेलेला असतो. काका म्हणाले, "मग असं सरळ सांगायचं की!"

मुळात दोन्ही शब्द ग्रीक. हायपर म्हणजे वर, हायपो म्हणजे खाली. संस्कृतातले 'उपरि' आणि 'उप' हे त्यांचे भाऊबंद, आणि आपला 'वर' त्या 'उपरि'तूनच आलाय. म्हणून 'हायपर, वर' असं यमक जुळवून लक्षात ठेवा, विसरणार नाही. हायपो म्हणजे आपला 'उप': उपसरपंच सरपंचाच्या खाली, तसा.

रोगांच्या नावांत 'वर'चं जास्त होतं आणि 'खाली'चं कमी. पण नेहमीच नाही. इंजेक्शनच्या सुईला हायपोडर्मिक म्हणतात, ते ती त्वचेखाली जाते म्हणून. तिथं कमी काहीच नसतं. त्यामुळं नुसता हायपो ऐकून थांबू नये, त्याला पुढं काय चिकटलंय ते बघावं. पुढं नॅट्रेमिया असेल तर रक्तातलं सोडियम (१३५ च्या खाली गेलेलं), कॅलेमिया असेल तर पोटॅशियम. हायपरटेन्शनमधलं 'टेन्शन'ही काळजीचं नव्हे, रक्तदाबाचं. "मला कसलंच टेन्शन नाही" म्हणणाऱ्या कितीतरी निवांत माणसांचा बीपी १६० वर असतो!

खरी पंचाईत साखरेची. फोनवर, त्यात एसटीच्या गोंगाटात, 'हायपोग्लायसेमिया' आणि 'हायपरग्लायसेमिया' सारखेच ऐकू येतात, आणि दोन्हींत करायचं ते अगदी उलट. म्हणून मी फोनवर हे शब्द वापरतच नाही. "साखर कमी झालीय" किंवा "साखर वाढलीय" एवढंच सांगते, आकडा दोनदा म्हणते आणि पलीकडच्याकडून म्हणवून घेते. रोग्याच्या घरी फोन करताना ग्रीक कशाला?

मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलीन घेणाऱ्याची साखर ७० च्या खाली आली की हायपो. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, कधी विनाकारण चिडचिड. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. पेढा त्या वेळी कामाचा नाही, खव्यातल्या स्निग्धामुळं साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना गाठा.

हायपर असं झटक्यात घाम फोडत नाही. तहान, सारखी लघवी, थकवा अशी दिवसेंदिवस साचत जाते. काका जाता जाता म्हणाले, "म्हंजे माझी साखर हायपर, हिचं थायरॉइड हायपो." बरोबर होतं. रिपोर्ट घडी करून त्यांनी टोपीत ठेवला.