पार्श्वभूमी : पगारातून कापले जाणारे ते दोनशे रुपये

महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगाराच्या स्लिपवर आयकराच्या जोडीला ‘व्यवसाय कर’ असतो. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत मात्र ३००. अकरा महिन्यांचे २,२०० आणि हे ३०० मिळून बरोबर २,५०० होतात. हीच नोकरी दिल्लीत किंवा हरियाणात केली, तर ही कपात होत नाही.

कमाईवरचा कर देशभर सारखा असतो, ही आपली समजूत. त्याला फुटलेले फाटे मात्र जुने आहेत. १८५७ च्या उठावानंतर रिकामा झालेला खजिना भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये आयकर आणला. १८८६ च्या कायद्याने शेतीचं उत्पन्न त्यातून वगळलं, कारण त्यावर शेतसारा होताच. पुढे १९३५ मध्ये शेती-उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार प्रांतांकडे गेला आणि राज्यघटनेनेही ती वाटणी कायम ठेवली. चहामळेवाल्याच्या उत्पन्नाचा ४० टक्के भाग आजही आयकरात धरतात. उरलेले ६० टक्के शेतीचे.

नोकरी-धंद्यावर हा व्यवसाय कर बसवण्याची मुभा राज्यांना घटनेच्या कलम २७६ ने दिली, पण वर्षाला २५० रुपयांपर्यंतच. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा २,५०० झाली.

महाराष्ट्राने हा कर १९७५ मध्ये लावला, तो दुष्काळाच्या आठवणीने. १९७२ साली पिकं गेली, विहिरी आटल्या आणि लाखो माणसं खडी फोडायला, रस्त्याच्या, पाझर तलावाच्या कामावर आली. मागेल त्याला काम देण्याची, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना तेव्हा कसाला लागली. त्या रोजगार हमीला कायमचा पैसा हवा होता, म्हणून शहरातल्या पगारदारावर हा कर आला. जितका कर जमेल तितकीच भर सरकारनेही घालायची, असं ठरलं. पगारदाराच्या खिशातून मजुराच्या मजुरीची सोय करणारं हे राज्य होतं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. म्हणूनच एक गोष्ट खुपते. महिना बारा हजारांवर राबणारा कामगार आणि लाखोंचा पगार घेणारा अधिकारी, दोघांनाही तेच २,५०० भरावे लागतात. २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना माफी मिळाली, तेवढाच दिलासा.

आयकरात सिक्कीमला वेगळा नियम आहे, त्याचं कारण निराळं. १९७५ मध्ये विलीन झालेल्या या राज्याचा स्वतःचा करकायदा होता. केंद्राचा आयकर तिथे १९९० पासून लागू झाला, पण मूळ सिक्कीमवासीयांना राज्यातल्या उत्पन्नावर सूट आहे. परराज्यातल्या पुरुषाशी लग्न केलेल्या सिक्कीमच्या स्त्रियांना ती नाकारली जात होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अन्याय दूर केला.

आणि गोवा. तिथे पोर्तुगीज नागरी कायद्यानुसार नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणून अशी मिळकत दोघांत निम्मी-निम्मी धरणारं कलम ५अ १९९४ मध्ये आयकर कायद्यात घातलं गेलं, तेही १९६३ पासून लागू करून. घराचं भाडं महिना ४०,००० आलं, तर २०,००० नवऱ्याच्या नावे, २०,००० बायकोच्या. पगार मात्र ज्याचा त्याचा. त्यामुळे गोव्यातल्या अशा जोडप्याला विवरणपत्रात एक जादा तक्ता भरावा लागतो, आणि त्यात जोडीदाराचा पॅन क्रमांकही द्यावा लागतो.