दोनशेची बीआरएम करायचीय? पाय नंतर बघू, आधी कागद दाखवा

हिवाळ्यात बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याची सायकल राइड, सुटण्याआधी पहाटे पाच वाजता टॉर्च घेऊन सायकली तपासायला उभं राहायचं, हे काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. पाय भरून आले म्हणून परत फिरणाऱ्यांचं मला फारसं वाईट वाटत नाही, ते पुढच्या महिन्यात पुन्हा येतात. वाईट वाटतं ते सगळं अंतर कापून कागदावरून बाद होणाऱ्यांचं. एक गृहस्थ दोनशे किलोमीटर वेळेत संपवून, हसत हसत आले. ज्यावर वाटेतले शिक्के घेतात ते कार्ड मागितलं तर जर्सीचे तिन्ही खिसे उलटे केले. कार्ड शिरवळच्या टपरीवर, चहाच्या ग्लासाखाली राहिलं होतं. घड्याळ, जीपीएस, चार मित्रांची साक्ष, सगळं होतं. नियमात कार्ड लागतं.

म्हणून हे लिहितोय. सराव कसा करायचा, काय खायचं हे सांगणारे पुण्यात गल्लोगल्ली आहेत. कागदांबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत ठरलेलं अंतर सायकलवर पार करायचं. नाव फ्रेंच आहे आणि त्याचा उच्चार आपल्याकडे कोणाला धड जमत नाही, तेव्हा बीआरएमच म्हणा. मान्यता देणारी संस्था ओदॅक्स क्लब पॅरिसियाँ, स्थापना १९०४ची. भारतातला कारभार ऑडॅक्स इंडिया रँडॉनियर्स बघते आणि गावोगावचे क्लब प्रत्यक्ष राइड घेतात. ही शर्यत नाही. पहिला, दुसरा असं काही नसतं. साडेसात तासांत आलेला आणि तेरा तास पंचवीस मिनिटांनी आलेला, दोघांना सारखंच प्रमाणपत्र.

पात्रता अगदी सोपी. वाहन माणसाच्या ताकदीवर चालणारं हवं, बस. कार्बन फ्रेम नको, पॅडलला अडकणारे क्लीट्सचे बूट नकोत, आजोबांची काळी सायकल चालेल. ई-बाइक चालणार नाही, बॅटरी काढून ठेवतो म्हणालात तरी आयोजकाला आधी विचारा. अठरा पूर्ण नसतील तर मूळ नियमात पालकांच्या लेखी संमतीची सोय आहे, पण स्थानिक क्लब त्याहून कडक असू शकतो. पैसे भरण्याआधी विचारा, नंतर नाही.

नोंदणी ऑनलाइन होते. त्यात दोनच ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, नाव. ओळखपत्रावर जे आहे तेच टाका. ‘बंटी’ नावाने फॉर्म भरलात तर निकालातही बंटीच राहील आणि मग दुरुस्तीसाठी ईमेल करत बसाल. दुसरं, आपत्कालीन संपर्क. या रकान्यात निम्मे जण स्वतःचाच नंबर टाकतात की काय, अशी मला शंका आहे. बाकीचे शेजारी सायकल चालवणाऱ्या मित्राचा टाकतात. तुम्ही खंबाटकी घाटात पडलात तर तो मित्रही तिथेच असणार, फोन रेंजबाहेर. नंबर घरी असलेल्या, रात्री फोन उचलणाऱ्या माणसाचा द्या. आणि त्या माणसाला सांगा की दिला आहे.

तारखेचा घोळ वेगळाच. लांबच्या राइड कधीकधी मध्यरात्री सुटतात आणि पत्रकात लिहिलेलं असतं ‘रविवार, ००:००’. म्हणजे शनिवारी रात्री जेवून निघायचं. हे वाचून लोक रविवारी रात्री येतात, तेव्हा बाकीचे घरी पोहोचून झोपलेले असतात. भरलेले पैसे अशा वेळी परत मिळत नाहीत, वाद घालून उपयोग नाही. पत्रक लिहिणाऱ्याने ‘शनिवार रात्र’ असं कंसात लिहिलं तर त्याचं काय जातं, हे मलाही कळलेलं नाही.

विम्याबद्दल. मूळ नियम सांगतो की प्रत्येक स्वाराला दायित्व विमा हवा, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा. आपल्याकडे स्कूटरला थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो, सायकलला मात्र असा विमा कोणाच्या घरात सापडत नाही. मग लोक मेडिक्लेमचा कागद जोडतात. तो तुमच्या हाडांसाठी आहे, समोरच्याच्या हाडांसाठी नाही. आयोजकाने सामूहिक विमा काढला असेल तर प्रश्न मिटला. काढला आहे का आणि त्यात काय येतं, हे एका ओळीच्या ईमेलने विचारून ठेवा. डॉक्टरचं प्रमाणपत्र मागितलं असेल तर त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, शिक्का आणि तारीख हवी. ‘आमचे भावजी डॉक्टर आहेत, ते फोनवर सांगतील’ हे मी ऐकलेलं आहे. भावजींना शिक्का मारायला सांगा.

आता सायकल तपासणी. ब्रेक आणि हेल्मेट बघायला मिनिट लागतं. अडतं ते दिव्यांवर. ‘दोनशेची तर दिवसाच संपते, लाइट कशाला?’ असं दर वेळी कोणीतरी विचारतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो. राइड सहाला सुटते आणि तिची मुदत संध्याकाळी साडेसातला संपते. सुरुवातही अंधारात आणि शेवटही. दिवे सायकलला घट्ट बसवलेले हवेत, पुढे पांढरा, मागे लाल. हेल्मेटवर लावलेला दिवा जादाचा म्हणून ठीक, तो मोजला जात नाही. मागचा दिवा बहुतेकांचा असतो, पण सीटखालच्या पिशवीने झाकलेला. तसंच रिफ्लेक्टिव्ह जॅकेटचं: लोक ते घालतात आणि वर सॅक चढवतात. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमची सॅक दिसते, आणि ती काळी असते. जॅकेट सॅकच्या वरून घाला. मापात मोठं घेतलंत तर बसतं.

घड्याळाकडे येऊ. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला २०, ४००ला २७, ६००ला ४० आणि १०००ला ७५. हिशोब करणारे म्हणतात, हे तर ताशी पंधरा किंवा त्याहून कमी, आमचे आजोबा धोतर सांभाळत यापेक्षा जोरात जायचे. खरं आहे, पण आजोबा वाटेत पंक्चर काढत, मिसळ खात आणि झोप काढत असताना घड्याळ थांबत असे. इथे थांबत नाही. तुम्ही चाकावर ताशी वीसने गेलात तर २०० किलोमीटरला दहा तास जातात आणि उरलेल्या साडेतीन तासांत चहा, जेवण, लघवी, पंक्चर, फोटो सगळं बसवायचं. शिवाय मार्ग २०० नसून २०६ भरला तरी वेळ साडेतेरा तासच. त्या सहा किलोमीटरची भीक कोणी घालत नाही.

सगळ्यात जास्त चुकीचं वाचलं जातं ते मधल्या कंट्रोलचं. कंट्रोल म्हणजे मार्गावरचं तपासणीचं ठिकाण, तिथे कार्डावर शिक्का घ्यायचा. फक्त शेवट वेळेत गाठून भागत नाही, प्रत्येक कंट्रोलला उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ असते. सहाला सुटलात तर १०० किलोमीटरचा कंट्रोल ८:५६ला उघडतो आणि १२:४०ला बंद होतो. पावणेएकला पोहोचून ‘परत जाताना भरून काढतो’ म्हणणारे पुष्कळ. पायांना जमेलही, कागदावर तोपर्यंत संपलेलं असू शकतं. उघडण्याची वेळही खरी असते; पहिल्या २०० किलोमीटरला ताशी ३४चा वेग धरून ती काढतात. त्याआधी पोहोचलात तर शिक्का मारणारा माणूस अजून चादरीत आहे असं समजा. सुरुवातीचा कंट्रोल मात्र तासभर उघडा असतो, उशिरा आलात तरी निघता येतं. फक्त तुमचं घड्याळ सहालाच सुरू झालेलं आहे.

आणि आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो.

प्रत्येक कंट्रोलवर माणूस बसवणं शक्य नसतं. मग सूचना येते, अमुक गावातून वेळ छापलेली पावती आणा, बहुतेक वेळा एटीएमची. गावातलं एटीएम कसं असतं हे पॅरिसला माहीत नाही. एक तर शटर खाली, नाहीतर आत स्क्रीनवर ‘पावतीचा कागद उपलब्ध नाही’. शेजारच्या टपरीवर चहा मिळतो, बिल मिळत नाही. मग लोक यूपीआयचा स्क्रीनशॉट दाखवतात. त्यात वेळ असते, गाव नसतं. त्या टपरीवाल्याला मी कोथरूडच्या गच्चीवरूनही दहा रुपये पाठवू शकतो. म्हणून तो परस्पर चालेल असं धरू नका. मी सांगतो तो क्रम असा. आधी पेट्रोल पंप शोधा. पंपावर छापील पावती निघते, त्यावर गाव असतं, वेळ असते, आणि दुचाकी नसली तरी हवा भरायला आलो म्हटलं की तिथली माणसं सहसा मदत करतात. पाण्याची बाटली घेऊन बिल मागा. पंप नसेल तर संगणकाचं बिल देणारं हॉटेल किंवा मेडिकल. तेही नसेल तर सायकल, तुमचा राइडमधला क्रमांक आणि गावाची पाटी एकाच फोटोत घ्या आणि तिथूनच आयोजकाला पाठवा. फोटो चालतो का, हे निघण्याआधी विचारलेलं असू द्या. एटीएमची पावती मिळालीच तर लगेच तिचा फोटो काढा. तो कागद उष्णतेवर छापलेला असतो. जर्सीच्या खिशात घामात आठ तास राहिला की कोरा होतो. कोरा कागद दाखवून ‘इथे वेळ होती’ म्हणणाऱ्याचा चेहरा बघवत नाही. झिपची प्लास्टिकची पिशवी दोन रुपयांत मिळते, त्यात कार्ड आणि पावत्या दोन्ही ठेवा. पेनही तुमचंच न्या.

काही ठिकाणी पावतीऐवजी प्रश्न असतो: अमुक मंदिराच्या कमानीचा रंग कोणता, किलोमीटरच्या दगडावर काय लिहिलंय. उत्तर तिथेच लिहा. पुढे गेल्यावर आठवत नाही. मित्राचं उत्तर उतरवलंत तर त्याचं चुकलेलंही उतरतं आणि मग दोघंही पकडले जाता.

मागे गाडी ठेवण्याबद्दल घरच्यांना नीट समजावा. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५मध्ये रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हा पेपरात आलेल्या बातम्यांत सपोर्टची गाडी आणि माणसं होती. तेव्हापासून इथेही काका इनोव्हा घेऊन मागे येतात. तो खेळ वेगळा. बीआरएममध्ये मदत फक्त कंट्रोलवर घेता येते. मधल्या रस्त्यात काकांनी खिडकीतून केळं दिलं तरी स्वार बाद होऊ शकतो. रस्त्यावरच्या दुकानातून विकत घ्या, सोबतच्या स्वाराकडून ट्यूब मागा, ते चालतं. काकांना कंट्रोलवर थांबायला सांगा, आणि वाटेत हॉर्न वाजवू नका असंही.

मार्गाचंही तसंच. क्यू शीटमध्ये, म्हणजे वळणावळणाचा मार्ग लिहिलेल्या कागदात, कात्रजचा जुना घाट असेल तर जुना घाटच चढायचा, नव्या बोगद्यातून सुळकन निघून जायचं नाही. गुप्त कंट्रोल कुठे लावायचा हे आम्हालाही कळतं. चुकून रस्ता सोडलात तर जिथे सोडला तिथेच परत येऊन पुढे जायचं. पुढे कुठेतरी जोडून घेणं चालत नाही.

परत आल्यावर कार्डावर सही करा आणि कार्ड द्या. थकलेला माणूस सही विसरतो, म्हणून मी दोनदा सांगतो. पॅरिसहून मान्यता क्रमांक यायला आठवडे, कधी महिने लागतात. पदक हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे. दर सोमवारी विचारणा करून ते लवकर येत नाही.

एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण केलंत तर सुपर रँडॉनियर ही पदवी. हंगाम कुठे संपतो ते वेळापत्रकात बघून घ्या. तीन राइड एका हंगामात आणि चौथी पुढच्या हंगामात अशी विभागणी झाली की काही मिळत नाही, मी हे दोघांच्या बाबतीत पाहिलं आहे. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या राइडचं स्वप्न असेल, १२०० किलोमीटर, ९० तास, तर ती चार वर्षांनी येते. २०२३ नंतरची २०२७ ची. पात्रतेसाठी ही चारही अंतरं त्याच हंगामात करावी लागतात. मागच्या खेपेस पूर्वनोंदणीची दारं आधीच्या वर्षी ज्याने जास्त लांबची राइड केली त्याला आधी उघडली होती. नुसती दोनशे करून बसलेले रांगेत शेवटी होते. शेंगेन व्हिसासाठी पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा आणि प्रवास विमा ३०,००० युरोचा. चाळीशीतले लोक इथे गुडघ्यापेक्षा पासपोर्टच्या तारखेनेच जास्त घाबरलेले मी पाहिले आहेत.

शेवटचं. मध्येच सोडलीत तर आयोजकाला फोन करा. डीएनएफ, म्हणजे राइड पूर्ण न होणं, हा गुन्हा नाही, पण तुम्ही आला नाहीत तर कोणीतरी तुमची वाट बघत बसलेलं असतं. एका हिवाळ्यात एक मुलगा मुदत उलटून गेली तरी आला नाही. फोन वाजत होता, उचलत नव्हता. आपत्कालीन संपर्कात त्याचाच नंबर. मी आणि आणखी एक जण गाडी काढून कापूरहोळपर्यंत दोन्ही बाजूंच्या खड्ड्यांत टॉर्च मारत जाऊन आलो. रात्री साडेबाराला फॉर्मवरच्या पत्त्यावर गेलो. आईने दार उघडलं आणि म्हणाली, ‘अहो, तो नऊलाच जेवून झोपलाय. काय झालं?’