एनएफएस फेलओव्हरमध्ये वेळ खातो कोण: लीज टाइम की ग्रेस पीरियड?

एनएफएस म्हणजे नेटवर्कवरून फाइल्स वाटून देणारी व्यवस्था. तिच्या दोन नोडच्या क्लस्टरमधला (एकमेकांची जागा घेणारे दोन सर्व्हर) एक नोड पडतो आणि काम दुसऱ्यावर जातं, हाच फेलओव्हर. व्हर्च्युअल आयपी, म्हणजे क्लायंट ज्या पत्त्यावर बोलतात तो, काही सेकंदांत दुसऱ्यावर जातो, डिस्क माउंट होते, सर्व्हिस उभी राहते. तरी क्लायंटवर साधी फाइल उघडायला गेलं की दीड मिनिट सगळं अडकलेलं. मग हार्टबीट (नोड जिवंत आहे का याची तपासणी), फेन्सिंग (पडलेल्या नोडला डिस्कपासून तोडणं), स्विच यांची झडती सुरू होते. बहुतेकदा दोष त्यांचा नसतो. एनएफएस 4 चा ग्रेस पीरियड चालू असतो. लिनक्सवर तो डीफॉल्टने 90 सेकंदांचा, आणि लीज टाइमही 90 चाच, म्हणून दोन्हींची गल्लत होते.

लीज हा चालू सर्व्हरचा विषय. क्लायंटचे लॉक (फाइलवर राखून ठेवलेला हक्क) आणि उघड्या फाइल्स त्याच्या नावावर किती वेळ राहतील, ती मुदत. लिनक्स क्लायंट साधारण दोन-तृतीयांश मुदत उलटली की ती वाढवून घेतो. ग्रेस मात्र नव्याने उठलेल्या सर्व्हरचा: जुन्या क्लायंटांनी आपापले लॉक परत मागायचे, तोवर नवा लॉक कुणालाच नाही, फाइल नव्याने उघडणंही नाही.

मग ग्रेस 20 सेकंदांवर आणला की झालं? नाही, इथेच घात होतो. समजा लीज 90 आहे. एका क्लायंटने लॉक धरलाय, पण तो गप्प बसलाय. सर्व्हर बदलल्याचं त्याला कळणार थेट मुदतवाढीच्या वेळी, म्हणजे साठाव्या सेकंदाच्या आसपास. तोवर ग्रेस संपून तोच लॉक दुसऱ्याला मिळालेला असू शकतो. एकाच फाइलवर दोघे आपापल्या हक्काने लिहितात.

म्हणून आधी लीज कमी करा, तीही दोन्ही नोडवर. सर्व्हिस चालू असताना ती बदलत नाही, त्यामुळे एक नियोजित रीस्टार्ट लागेल. क्लायंटांनी नवी मुदत उचलली की मगच ग्रेसला हात लावा, आणि तो लीजपेक्षा कमी कधीच ठेवू नका. लीज फार आखूड केली तर नेटवर्क जरा अडखळलं तरी ती संपते आणि लॉक जाण्याचा धोका वाढतो.

एनएफएस 4.1 पासून क्लायंट ‘माझे लॉक परत मागून झाले’ असं सर्व्हरला कळवतो. नव्या लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) सर्व्हरकडच्या नोंदीतल्या सगळ्या क्लायंटांनी तसं कळवलं की ग्रेस लवकर संपतो. माझ्या मते आकडे कापण्यापेक्षा हाच मार्ग चांगला. फक्त क्लायंटांची नोंद असलेली डिरेक्टरी शेअर्ड डिस्कवर हवी. ती जुन्या नोडवरच राहिली तर नवा सर्व्हर नोंद रिकामी पाहून ग्रेस वगळूनच टाकतो. फेलओव्हर झटपट झालेला दिसतो, पण लॉक परत मागणाऱ्याला नकार मिळतो. म्हणून चाचणी घेताना एका क्लायंटवर लॉक धरून ठेवा आणि नोड पडल्यावर तो टिकला का ते पाहा.